एका वाक्यात बसतं म्हणून खरं?

परवा रात्री साडेअकराला भाचीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, यात चूक कुठे आहे? मला सापडत नाहीये." बारावी सायन्सची पोरगी. दुसऱ्या कोणी पाठवला असता तर न वाचताच झोपलो असतो.

फॉरवर्डचं म्हणणं असं : "शास्त्रज्ञच सांगतात, दोन स्पष्टीकरणांपैकी सोपं असेल ते खरं. देवाने सगळे सजीव आहेत तसेच निर्माण केले, हे एका वाक्यात सांगून होतं. उत्क्रांतीला हजारो पुस्तकं लागतात. मग खरं कोणतं?" पुढे नेहमीचं शेपूट. उत्क्रांती हा नुसता सिद्धांत आहे, माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत, निर्जीवातून पहिला जीव कसा आला ते सांगा.

आधी शेपूट उरकतो. रोग जंतूंमुळे होतात हाही सिद्धांतच आहे, म्हणून कोणी ऑपरेशनआधी हात धुवायचं सोडत नाही. आणि माकडांचं म्हणाल, तर आपण आजोबांचे नातू आहोत, मग चुलतभाऊ अजून जिवंत कसे, असं कोणी विचारतं का? माकडं आपले पूर्वज नाहीत, भाऊबंद आहेत. किती वेळा सांगायचं!

आता ते "सोपं ते खरं". हा नियम ज्याच्या नावावर खपवला जातो तो ऑकमचा विल्यम १४व्या शतकातला, आणि गंमत म्हणजे स्वतः ख्रिस्ती संन्यासी. नियम एवढाच, की गरजेपेक्षा जास्त गृहीतकं धरू नका. मोजायची ती गृहीतकं, वाक्यं नव्हेत. शिवाय दोन्ही स्पष्टीकरणांनी समोरच्या सगळ्या गोष्टींचा उलगडा केला, तरच हा नियम लावायचा. ग्रहांच्या कक्षेचंच घ्या. वर्तुळ लंबवर्तुळापेक्षा सोपंच की. पण मंगळाची हिशोबाने येणारी जागा आणि टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाच्या नोंदी यांत ८ कलांचा फरक पडत होता. अंशाच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. तेवढ्यासाठी केप्लरने वर्तुळ सोडलं आणि १६०९ साली लंबवर्तुळ मांडलं.

भाचीला मी एकच उदाहरण नीट समजावलं. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज एकच असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? अख्खं गुणसूत्र गळून पडलं असतं तर जगणं कठीण. म्हणजे दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून चिकटलेली असणार. तसं असेल तर खूणही सापडायला हवी. गुणसूत्राच्या टोकांना टीटीएजीजीजी ही डीएनएची अक्षरं पुन्हापुन्हा येतात, बुटाच्या नाडीच्या टोकाला टोपी असते तशी. ती टोपी आपल्या एखाद्या गुणसूत्राच्या मध्येच दिसली पाहिजे. १९९१ मध्ये ती दिसली, दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात. टीटीएजीजीजीच्या झिजलेल्या रांगा, आणि लगेच पुढे त्यांचीच उलटी जोडी, सीसीसीटीएए. त्याच गुणसूत्रात दुसऱ्या, बंद पडलेल्या मध्यबिंदूचे (सेंट्रोमिअरचे; एरवी गुणसूत्राला तो एकच असतो) अवशेषही आहेत.

उत्क्रांतीत ही शिवण नसती तर पंचाईत झाली असती. "देवाने केलं" या वाक्याला मात्र काहीच फरक पडत नाही. शिवण आहे? त्याची मर्जी. नसती? तीही त्याचीच मर्जी. क जीवनसत्त्व तयार करणारं जनुक माणसात आणि चिंपांझीत दोघांतही मोडकं आहे. पुन्हा मर्जी. गिनीपिगमध्येही ते मोडकंच, पण वेगळ्या तऱ्हेने मोडलेलं. आणखी एक मर्जी. दर वेळी नवं गृहीतक धरायचं आणि वर म्हणायचं, आमचं एकच वाक्य! सगळ्या मर्ज्या लिहून काढा, मग बघू कोणाची पुस्तकं जाड होतात ते.

एक मात्र कबूल करावं लागेल, जिवावर आलं तरी. पहिला जीव नेमका कसा आला, याचं पक्कं उत्तर आज नाही. फॉरवर्डवाल्याला तेवढे गुण द्या. पण डार्विनने १८५९ मध्ये मांडलेला प्रश्न त्याच्या पुढचा होता : जीव आहेत, तर ते इतक्या तऱ्हांचे कसे झाले? पहिल्या पानाचं कोडं सुटलं नाही म्हणून दुसऱ्या गुणसूत्रातली शिवण पुसली जात नाही.