चाल उसनी, मग गाणं कुणाचं?

हाँगकाँगची गायिका-अभिनेत्री अनिता मुई हिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही दोन गोष्टी सुनावल्यात. पहिली, तिची गाजलेली कितीतरी गाणी जपानी चालींवरची, म्हणजे 'चोरीचा माल', तेव्हा थोर गायिका वगैरे म्हणू नये. दुसरी, कर्करोग झालेल्या बाईने विश्रांती घ्यायची सोडून स्टेजवर उभं राहणं यात मी उगाच शौर्य शोधतो.

दुसऱ्या मुद्द्यावर तुम्ही मला पकडलंत. त्याकडे नंतर येतो.

चालींबद्दल तुमची माहिती बरोबर आहे, आणि मी तिचा लेखात उल्लेखही केला नाही ही माझी चूक. तिच्या ज्या 'मावळतीच्या गाण्या'वर मी दोन परिच्छेद खर्च केले, त्याची चाल जपानी संगीतकार कोजी माकाइनो यांची. मुळात ते 1989 मध्ये मासाहिको कोंदो या गायकाने जपानीत गायलं. अनिताने मोमोए यामागुची या जपानी गायिकेचीही गाणी घेतली. पण 'चोरी' हा शब्द मागे घ्या. ऐंशीच्या दशकात हाँगकाँगच्या रेकॉर्ड कंपन्यांना जेवढी गाणी हवी होती तेवढ्या चाली तिथले संगीतकार पुरवू शकत नव्हते, म्हणून हक्क घेऊन जपानी चाली आणल्या जात. आपल्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचे शब्द असत. त्यावरून अण्णासाहेब किर्लोस्करांना कोणी चोर ठरवलं नाही.

शिवाय उसनी चाल म्हणजे आयतं काम, असं तिथे नव्हतंच. कॅन्टनीज या हाँगकाँगच्या भाषेत उच्चाराच्या सहा स्वरपट्ट्या आहेत. 'सी' हा एकच उच्चार पट्टी बदलली की कविता, इतिहास, प्रयत्न, वेळ, बाजार किंवा बाब होतो. चाल वर चढते तिथे खालच्या पट्टीतला शब्द बसवलात तर ऐकणाऱ्याला भलतंच ऐकू येतं. आधी ठरलेल्या चालीत एकेक अक्षर असं जुळवून भरणाऱ्या गीतकारांची तिथे वेगळी परंपरा आहे. गंमत म्हणजे माकाइनोंच्या याच चालीवर त्याच वर्षी प्रिसिला चॅन या तिथल्याच गायिकेनेही कॅन्टनीज गाणं केलं, 'हजार हजार गाणी'. चाल तीच, शब्द वेगळे. प्रिसिलाचं गाणं निरोप घेणाऱ्या मैत्रिणीचं वाटतं. अनिताच्या जाड, खालच्या आवाजात तीच चाल दिवसभर राबून घरी निघालेल्या माणसाची होते. दोन्ही लागोपाठ ऐका आणि मग नक्कल कोणाची ते सांगा.

आता तिचं आयुष्य बघा. साडेचार वर्षांची असल्यापासून बहीण ॲनसोबत ती लाय युएन या करमणूक बागेत गात होती, अर्थातच इतरांची गाणी. 1982 च्या नवोदित गायकांच्या स्पर्धेत ती पहिली आली तेव्हा अठरा वर्षांची होती, आणि तिथेही गायली ते पॉला त्सुई या गायिकेचं गाणं. दुसऱ्याचं गाणं स्वतःचं करणं हे तिचं शिक्षण होतं. तिचं काम फक्त चालीवर उभं नव्हतं हे बघायचं असेल तर दिग्दर्शक स्टॅनली क्वान यांचा 'रूज' हा चित्रपट बघा. 1930 च्या दशकातली एक गणिका मेल्यावर पन्नासेक वर्षांनी प्रियकराला शोधत येते आणि बदललेल्या शहरात वर्तमानपत्राच्या कचेरीत जाहिरात द्यायला उभी राहते. अनिता तिथे जवळजवळ काहीच करत नाही. समोर कॅमेरा असताना इतकं कमी करायला फार धीर लागतो. या भूमिकेसाठी तिला तैवानचा गोल्डन हॉर्स पुरस्कार मिळाला. त्या चित्रपटातला तिचा नायक लेस्ली च्युंग 1 एप्रिल 2003 ला गेला.

तिथून तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो. 'हसत हसत मृत्यूला सामोरी गेली' असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मी काढून टाकलं आहे. आजारी माणसाबद्दल असं लिहिणं सोपं असतं आणि खोटंही. ॲन 2000 मध्ये त्याच कर्करोगाने गेली होती, तेव्हा पुढे काय आहे हे अनिताला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. 2003 च्या मे महिन्यात सार्सच्या साथीत सापडलेल्यांच्या कुटुंबांसाठी कलावंतांचा जो मोठा कार्यक्रम झाला, त्यात तिचा पुढाकार होता. नाव होतं '1:99', म्हणजे जंतुनाशक ब्लीच पाण्यात मिसळायचं प्रमाण. सप्टेंबरमध्ये तिने स्वतःचा आजार जाहीर केला, नोव्हेंबरमध्ये हाँगकाँग कोलिझियममध्ये आठ प्रयोग केले. शेवटी लग्नाचा पांढरा झगा घालून तिने तेच मावळतीचं गाणं म्हटलं आणि जिना चढून आत गेली. 30 डिसेंबरला ती वारली, वय चाळीस. विश्रांती घ्यायला हवी होती का? कदाचित. पण तो हिशेब तिचा, आपला नव्हे. साडेचाराव्या वर्षापासून जिथे उभी होती तिथेच तिला शेवटी उभं राहायचं होतं, एवढंच मला दिसतं.

माकाइनोंचं नाव मूळ लेखात घातलं आहे. प्रिसिलाचं गाणं जास्त आवडलं तर तसं जरूर कळवा. आमच्या घरातही त्यावर दोन तट आहेत आणि मी अल्पमतात आहे.