रिव्हर्स घेताना मागे बघा हो!

शाळेच्या फाटकाला गाडी अगदी चिकटवायलाच हवी का? आपलं लेकरू चार पावलं चाललं तर झिजणार आहे का? सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आज फाटकासमोर एक उंच, भलीमोठी गाडी मागे यायला लागली. तिच्या मागे बालवाडीतला एक मुलगा उकिडवा बसून बुटाचा पट्टा लावत होता. पाठीवर दप्तर, मान खाली. मी धावत जाऊन डिकीवर थापा मारल्या तेव्हा कुठे ती थांबली. बंपर आणि दप्तर यांच्यात वीतभर अंतर. काच खाली करून बाई म्हणाल्या, "अहो, पोचा येईल ना! काही झालंय का?"

नाही झालं काही. खरंय.

उंच गाडीत ऐसपैस बसता येतं, रस्ता लांबवर दिसतो, मान्य. पण बॉनेटच्या अगदी पुढचं आणि डिकीच्या अगदी मागचं काही दिसत नाही. तिथे उभं असलेलं लहान पोरही आरशात येत नाही, मग बसलेलं कुठून येणार? कॅमेरा असतो म्हणे. असेल, पण नजर फोनवर असेल तर कॅमेरा काय करणार? बाईंच्या हातात फोन होता, मी पाहिलाय. ताशी 30 म्हणजे आपल्याला हळूच वाटतं, पण त्या वेगात गाडी सेकंदाला आठ मीटरहून जास्त पुढे जाते. "पोचले" एवढा मेसेज टाकेपर्यंत किती पोरं आडवी येऊन जातील?

आणि ते पुढच्या सीटवर मूल मांडीवर घेऊन बसणारे! "इथेच तर जायचंय" म्हणे. अहो, एअरबॅग ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने उघडते. ती मोठ्या माणसासाठी बनवलेली असते आणि मांडीवरच्या मुलाचं डोकं नेमकं तिच्या तोंडाशी असतं. 50 च्या वेगात धडक बसली तर 15 किलोचं मूल काहीशे किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. कुठल्या आईच्या हातात एवढी ताकद आहे, सांगा.

रस्त्याच्या बाजूचं दार धाडकन उघडणारे, इंजिन चालू ठेवून गप्पा मारणारे... धूर सोडणारा तो पाइप मुलांच्या नाकाच्या किती जवळ असतो, बघितलंय कधी? जाऊ दे.

ऑफिस गाठायचं असतं, मागे धाकटं रडत असतं, कळतं मला. तरीही.

त्या मुलाला मी बाजूला घेतलं. काय घडता घडता राहिलं याचा त्याला पत्ताच नव्हता. पाय पुढे करून म्हणाला, "काकू, पट्टा नीट लागला का?" मला बोलताच येईना. मान हलवली फक्त.

तो दिसल्यावर बाईंचा चेहरा पांढरा पडला, हेही सांगायला हवं. त्या वाईट नाहीत. त्यांची मुलगी मागच्या सीटवर बेल्ट लावून व्यवस्थित बसली होती. म्हणजे काळजी घेता येते की! मग ती गाडीच्या पत्र्यापाशीच का संपते? बाहेरचं पोर कुणाचंच नाही का?

उद्यापासून गाडी जरा लांब, कोपऱ्यावर लावा आणि मुलाचं बोट धरून चालत या. निघताना गाडीत बसण्याआधी मागे एक चक्कर मारून, वाकून बघा. उशीर झाला तर होऊ दे.