खुलासा: हँडल नुसतं फिरतं म्हणून तिजोरी नकली ठरत नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘इलेक्ट्रॉनिक तिजोरी लॉक असताना हँडल फिरलं तर माल नकली. आतली पिन काढून जाड पोलादी बोल्ट घाला.’ पहिलं वाक्य चुकीचं, दुसरं तर नुकसानीचं.

बऱ्याच तिजोऱ्यांत हँडल आणि दार बंद ठेवणाऱ्या दांड्या यांच्यामध्ये मुद्दाम क्लच किंवा कमजोर पिन ठेवलेली असते. हँडलला कुणी जबरदस्ती केली की क्लच सरकतो किंवा पिन तुटते, आणि जोर आत पोचत नाही. लॉकमधल्या सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या चुंबकाची) बारीक खिट्टी दांड्यांच्या फक्त आडवी येते; भार पेलणं तिचं कामच नाही. पोलादी बोल्ट घातलात की सगळा जोर थेट तिच्यावर.

खात्री दार उघडं ठेवूनच करा. दांड्या बाहेर काढून लॉक करा, मग हँडल फिरवा. दांड्या हलल्या नाहीत तर लॉक ठीक. कोड बरोबर टाकूनही हँडल नुसतंच फिरलं, तर तो मात्र खरा बिघाड. बहुतेकदा ग्रब स्क्रू (हँडल घट्ट धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) ढिला झालेला असतो. तो स्पिंडलच्या (हँडल ज्यावर बसतं त्या आसाच्या) चपट्या बाजूवर बसवून ॲलन कीने (षटकोनी चावीने) आवळा. पिन तुटली असेल तर कंपनीचीच घ्या.

आणि हो, कोड टाकताना हँडल दाबून धरू नका. खिट्टी अडकते, बोल बॅटरीला लागतो.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.