‘वीस सात’ म्हटल्याने मराठी बुडत नाही

फॉरवर्ड जुनाच आहे. या वेळी तो मावशीने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘म्हणूनच म्हणते, नातीला मराठी शाळा नको.’ आता उत्तर देणं आलं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: आजोबांना औटकी (साडेतीनचा पाढा) पाठ होती, सातवी पास माणूस मास्तर व्हायचा, मॅट्रिक होणं दुर्मीळ होतं. आता शेंबड्या पोरालाही नव्वद टक्के पडतात, आणि मुलांना सत्तावीस म्हणता येत नाही म्हणून सरकार ‘वीस सात’ शिकवतं. सबब समाजाची बुद्धी घसरली. वर ब्रिटिश अधिकारी मेकॉलेचं, भारताचं जुनं शिक्षण मोडा असं सांगणारं ते भाषण आहेच.

‘वीस सात’पासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त हसू त्यावरच झालं. सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक २०१९ साली आलं. समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. पुस्तकात ‘वीस एक’ही होतं आणि ‘एकवीस’ही. जुनं नाव कोणी काढून टाकलं नव्हतं. पण पुस्तक न उघडताच विधानसभेपर्यंत टोलेबाजी झाली.

मुलाच्या जागी बसून पाहा. कानावर पडतं ‘सत्तावीस’. आधी सात, मग वीस. लिहायचं मात्र आधी २, मग ७. म्हणून ७२ लिहिलं जातं. काही मुलं वेगळी शक्कल काढतात: आधी ७ लिहितात आणि मग त्याच्या डावीकडे २ घुसवतात. उत्तर बरोबर दिसतं, त्यामुळे बाईंच्या लक्षात येत नाही. वही तपासून हे कळत नाही, मूल लिहीत असताना हाताकडे बघावं लागतं. ‘बावन्न’मध्ये दोन आणि पन्नास कुठे ऐकू येतात ते मोठ्या माणसांनीच शोधून दाखवावं. ‘एकोणसाठ’ तर आणखी वाईट. शब्दात साठ आहे, संख्येत पाचच दशक. मूल ६९ लिहितं, आणि त्याच्या परीने ते तर्कालाच धरून असतं. कानडीत ‘इप्पत्तेळु’ म्हणजे वीस-सातच. त्याने कानडी बुडाल्याचं ऐकिवात नाही.

याचा फटका पुढे हातच्याच्या वजाबाकीत बसतो. ४६ वजा २९. मूल २३ लिहितं, म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतं: नवातून सहा तीन, चारातून दोन दोन. याला आपण ‘धांदरटपणा’ म्हणतो. धांदरटपणा नसतो तो, २९ म्हणजे दोन दशक नऊ एकक हे त्याला कधी दिसलेलंच नसतं. उपाय स्वस्त आहे: आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड. चार गठ्ठे, सहा सुट्या. नऊ काढायच्या आहेत, सुट्या सहाच, म्हणून एक गठ्ठा सोडा. आता सुट्या सोळा. नऊ गेल्या, सात राहिल्या. उरलेल्या तीन गठ्ठ्यांतले दोन गेले, एक राहिला. सतरा. हे करताना तोंडाने ‘वीस नऊ’ म्हणायचं, आणि लगेच ‘म्हणजे एकोणतीस’. दुसरा भाग गाळला तर मात्र टीकाकारांचं खरं ठरेल, कारण मंडईत भाजीवाली ‘एकोणतीस रुपये’च म्हणणार आहे.

औटकीचं दुःख मला कळत नाही. पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते तेव्हा रोज लागायचे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि पाढ्यांचं कामच संपलं. बुद्धीचा संबंध नाही.

सातवी पास मास्तर? व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे सातवीच्या परीक्षेपर्यंत, पोचायचे किती? १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. गाळून उरलेल्या मूठभरांची तुलना आज बाकावर बसलेल्या सगळ्यांशी करायची, आणि वर ‘दर्जा’ म्हणायचं!

मेकॉलेचं ते ‘ब्रिटिश संसदेतलं’ भाषण २ फेब्रुवारी १८३५ चं सांगतात. त्या दिवशी साहेब कलकत्त्यात होते, म्हणजे भाषण बनावट. पुढे.

दहावीच्या गुणांबद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे, कबूल. गुण फुगलेत. पण कशाने? राज्य मंडळाचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढले, निकाल ७७.१० वर आला. २०२० ला ते परत दिले, शिवाय करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण मिळाले: ९५.३०. दोन वर्षांत राज्यातली मुलं आधी ढ आणि मग हुशार झाली असं कोणी म्हणेल का? टक्केवारीवरून अक्कल वाढली म्हणता येत नाही, तसं घटली असंही म्हणता येत नाही.

मग मोजायचं कशाने? ‘असर’ पाहणीने. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेची माणसं ग्रामीण भागात घरोघर जाऊन ५ ते १६ वयाच्या मुलांना एकेकटं बसवून वाचायला आणि गणित सोडवायला लावतात. पुणे शहर त्यात नाही, हे लक्षात ठेवा. देशभरात पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचा धडा वाचता आला? २०१८ ला ५०.५ टक्के, २०२२ ला ४२.८, २०२४ ला ४८.८. भागाकार? २७.९, २५.६, ३०.७. म्हणजे शाळा बंद होत्या तेव्हा पडलं, मग सावरलं. भागाकार तर आधीपेक्षा वर गेला. आकडे लाजिरवाणे आहेत. पण कमी असणं वेगळं आणि घसरत जाणं वेगळं, आणि मेसेज फक्त दुसऱ्याबद्दल बोलतो.

मावशी, शाळेचं माध्यम ठरवण्याआधी नातीला दहा मिनिटं बसव. ती पाचवीत आहे ना? ८२४ भागिले ८ दे. १३ लिहिलं तर मधलं शून्य गळलंय, म्हणजे दोनाला आठाने भाग जात नाही तिथे ती शून्य न मांडताच पुढचा आकडा खाली घेते. ‘आठशेला आठाने भागलं तर किती?’ एवढंच विचार. शंभर म्हणाली की १३ कडे तिचं तीच बघेल.