मुकेश ॲक्टर नव्हता, आपल्या भुसावळचा होता

गेल्या आठवड्यापासून जळगावकडच्या प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिलाय. थोडक्यात असा की तंबाखूच्या जाहिरातीतला तो मुकेश भाड्याचा ॲक्टर होता, थेटरात पोरं त्याला हसतात, त्याने काहीच फरक पडला नाही, कॅन्सरच्या पेशंटला स्टेजवर उभं करणं म्हणजे दुखण्याचा बाजार आहे, त्यापेक्षा लोकांना सरळ आकडे सांगा, आणि शेवटी नेहमीचं, आमचे आजोबा ८५ वर्षांचे होईपर्यंत तंबाखू मळत होते त्यांना काही झालं नाही. खाली हात जोडलेले दोन इमोजी. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हटलं आता लिहावंच लागेल भो.

ॲक्टरचं आधी. मुकेश खरा पेशंट होता, आणि खान्देशातल्याच लोकांना हे माहीत नसावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण पोरगं आपल्या भुसावळचं. गुटख्याने तोंडाचा कॅन्सर झाला, मुंबईला टाटा हॉस्पिटलमधे होता, आणि २००९ मधे वारला तेव्हा वय होतं २४. ज्याची पोरं नक्कल करतात ना, तो त्या अवस्थेतला खरा मुकेश आहे. पुढे २ ऑक्टोबर २०१२ पासून सिनेमाच्या सुरुवातीला आणि मधे असे स्पॉट दाखवणं सक्तीचं झालं आणि तो घराघरात पोचला.

आता हसण्याचं. हसतात, खरंय. मी पण हसलोय, जळगावच्या थेटरात, मित्राने मागून नक्कल केली तेव्हा आणि तेव्हा माझ्याच खिशात पुडी होती. पण हसलो म्हणून ते डोक्यात गेलंच नाही असं कुठंय, त्या काळात पाहिलेले अर्धे पिक्चर विसरलो, मुकेश नाही विसरलो. १५ वर्षांवरच्या लोकांचा जो मोठा तंबाखू सर्वे होतो त्यात महाराष्ट्रात २००९-१० ला ३१.४ टक्के लोक तंबाखू वापरत होते, २०१६-१७ ला २६.६ झाले. हे सगळं एका जाहिरातीने झालं असं मी बिलकुल म्हणत नाहीये, मधे २०१२ ची गुटखाबंदी आली (टपरीवर ती किती पाळली जाते ते तुम्हालाही माहितीये अन् मलाही), २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत इशाऱ्याची चित्रं आली. पण "काहीच फरक पडला नाही" हे म्हणायला मेसेजवाल्याकडे काय आहे? थेटरातलं हसू.

दुखण्याचा बाजार. इथे मी मेसेजवाल्याचं अर्धं ऐकतो, कारण हे आमच्या घरात झालंय. माझे मामा, यावलकडचे, केळीवाले, २२ वर्षं तंबाखूचा बार भरायचे. डाव्या गालाला कॅन्सर निघाला, गाल आणि अर्धा जबडा काढला, छातीचं मांस-कातडं लावून गाल बनवला. त्यामुळे आजही मामांना तोंडाच्या आत केस येतात, छातीचे. शेक (रेडिएशन) घेतल्यापासून लाळ नाही, भाकरीचा घास खाली जात नाही, घरात भरीत केलं की मामी त्यांचं बिनमिरचीचं वेगळं काढते आणि ताकात कालवून देते. बरे झाल्यावर एका शाळेने बोलावलं. तिथल्या सरांनी माईकवरून सांगितलं, जरा तोंडावरचा रुमाल काढून मुलांना दाखवा. आधी विचारलंही नव्हतं. मामांनी काढला, पहिल्या रांगेतली एक मुलगी रडायला लागली, मग शाल-नारळ-फोटो. मामा दोन महिने घराबाहेर कुठं बोलले नाहीत. हा बाजारच होता, मान्य.

पण चूक कोणाची? बोलावणाऱ्याची. कारण त्यानंतर जामनेरकडच्या एका कॉलेजात गेले ते स्वतःच्या अटीवर, रुमाल निघणार नाही, हार नको, आणि बोलायचं काय ते मी ठरवणार. दहाच मिनिटं बोलले, अर्धे शब्द समजत नव्हते. कॅन्सर वगैरे सोडून त्यांनी पोरांना सांगितलं, तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे घाला बरं. सगळा हॉल हसत हसत बोटं घालायला लागला. मागच्या बाकावरच्या एकाची दोनच गेली. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा केलं, पुन्हा दोनच. मामा म्हणाले, माझं असंच सुरू झालं होतं, तिखट लागायचं, तोंड उघडायचं नाही, मला वाटलं दाढ आहे, सहा महिने मेडिकलमधून गोळ्या घेतल्या. हे सहा महिने कोणत्याच पोस्टरवर नसतात. सुपारीने तोंड आखडतं हे डॉक्टर पण सांगतातच की, पण "मला वाटलं दाढ आहे" हे फक्त त्यातून गेलेला माणूस सांगू शकतो, आणि ऐकणाऱ्याला तेच आपलं वाटतं.

आकडे सांगा म्हणे. घ्या, २०१६-१७ च्या त्याच तंबाखू सर्वेत देशात तंबाखू वापरणारे साधारण २६ कोटी ७० लाख निघाले. हे वाचून कोणी पुडी फेकली का? उलट टपरीवर म्हणतील, बघ, एवढे लोक खाताय. आकडे सरकारला लागतात, टॅक्सला, कायद्याला लागतात. आणि तिथेही नुसते आकडे पुरत नाहीत म्हणूनच टाटाचे डॉ. पंकज चतुर्वेदी यांनी 'व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स' मोहीम काढून पेशंटनाच नेत्यांसमोर नेऊन बसवलं.

राहिले आजोबा. तर दादा, तुम्ही सगळा मेसेजभर गोष्टी नको गोष्टी नको म्हणाले आणि शेवटी स्वतः एक गोष्टच सांगितली ना! आणि ती पण अर्धी, कारण आजोबांच्या पारावर तंबाखू मळणारे बाकीचे जे पन्नाशीतच गेले त्यांचा नातू काही मेसेज लिहित नाही. आमचे मामा पण वाचलेच आहेत, पण ते काय किंमत देऊन वाचले ते सोबत सांगतात, एवढाच फरक.

एक मात्र मेसेजवाल्याने म्हटलं नाही, ते मी म्हणतो. बऱ्याच कार्यक्रमांत पेशंट बोलतो, टाळ्या होतात, आणि ज्याची दोन बोटं गेली त्या पोराने उद्या कुठं जायचं हे कोणी सांगत नाही. म्हणून मामा आता शेवटी तंबाखू सोडवणाऱ्या हेल्पलाईनचा नंबर फळ्यावर लिहून घेतात, १८००-११-२३५६, फुकट आहे, आणि सिव्हिलला दातांच्या ओपीडीत जाऊन तोंड दाखवा म्हणतात.

पुढच्या महिन्यात मामा फैजपूरला जाताय. शाल आणू नका म्हणून आधीच फोन करून ठेवलाय.