आधी मॉनिटर, मग ग्राफिक्स कार्ड

फोटो एडिटिंगसाठी कॉम्प्युटर बनवतोय, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ, असे मेसेज मला सारखे येतात. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: मॉनिटर कुठला आहे? बहुतेक वेळा उत्तर येतं, "जुना आहे तोच, चालतोय की." हे मला मनापासून खटकतं.

कारण चार वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. नवा प्रोसेसर, नवं कार्ड आणि मॉनिटर जुनाच, ब्राइटनेस पूर्ण चढवलेला. एका कुटुंबाचा अल्बम त्यावर तीन आठवडे बसून एडिट केला. छापून आल्यावर पहिलं पान उघडलं आणि पोटात गोळा आला. आजींच्या डोळ्यांभोवतीच्या ज्या सुरकुत्यांसाठी मी तो फोटो निवडला होता, त्याच सावलीत गडप झाल्या होत्या. केस कुठे संपतात आणि मागची भिंत कुठे सुरू होते, तेही कळेना. छापणाऱ्याची काहीच चूक नव्हती. स्क्रीन इतका उजळ होता की मी एकेक फोटो गरजेपेक्षा गडद करत गेलो होतो. सगळा अल्बम पदरमोड करून पुन्हा छापून दिला.

तेव्हापासून कॅलिब्रेटर हा माझ्या लेखी कॉम्प्युटरचाच भाग आहे. माऊसएवढं यंत्र, स्क्रीनवर टेकवून ठेवायचं. सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवत जातं, यंत्र तो मोजतं आणि शेवटी त्या मॉनिटरचं प्रोफाइल, म्हणजे त्याचे रंग बरोबर दाखवण्यासाठीची फाइल, तयार होतं. छपाईचं काम असेल तर ब्राइटनेस १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर आणि व्हाइट पॉइंट (पांढरा किती पिवळट किंवा निळसर दिसावा ते) ६५०० केल्विन, इथून सुरुवात करा. पॅनेल आयपीएसच घ्या, ते बाजूने बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. टीएन या दुसऱ्या, स्वस्त प्रकारच्या पॅनेलवर मान जरा खाली-वर झाली की सावल्या बदलतात, मग खरं काय धरायचं? फोटो मोबाइलवरच बघितले जाणार असतील तर पूर्ण एसआरजीबी, म्हणजे वेब आणि मोबाइलसाठीचा नेहमीचा रंगांचा पल्ला, दाखवणारा मॉनिटर पुरतो. अडोबी आरजीबी या त्याहून मोठ्या पल्ल्यासाठी जादा पैसे छपाईवाल्यांनी मोजावेत.

आता रॅम. ४५ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की एकटा २७० एमबी जागा घेतो: साडेचार कोटी पिक्सेल, प्रत्येकाचे तीन रंग, प्रत्येक रंगाला २ बाइट. लेयर डुप्लिकेट केला की तेवढीच भर. रॅम भरली की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे तात्पुरत्या कामासाठी नेमलेल्या डिस्कवर, लिहायला लागतं, आणि ती जुनी हार्डडिस्क असेल तर ब्रश फिरवून तो उमटायची वाट बघत बसायचं. म्हणून ३२ जीबी, आणि तीही १६-१६ च्या दोन स्टिकमध्ये, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जाऊन वेग वाढतो.

एसएसडी तर हवीच. मात्र साटा या जुन्या जोडणीच्या एसएसडीचा सेकंदाला साधारण ५५० एमबीचा वेग आणि एनव्हीएमई या नव्या प्रकाराचा ३,५०० किंवा त्याहून जास्त, हा आकड्यांतला फरक रॉ फाइल (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) उघडताना तितका हाताला लागत नाही. हार्डडिस्कवरून एसएसडीवर आल्याचा मात्र लगेच कळतो. लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (फोटोंची आणि एडिटची नोंदवही) आणि प्रिव्ह्यू एसएसडीवर ठेवा, जुनं काम हार्डडिस्कवर जाऊ द्या. त्याची दुसरी प्रतही हवी, त्यात तडजोड नको.

ग्राफिक्स कार्ड निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआय डीनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे साफ करणारी सोय, आली, त्याची सगळी भिस्त कार्डावर आहे. चांगल्या कार्डावर काही सेकंदांत होणाऱ्या फोटोला कमकुवत कार्डावर मिनिटं लागतात. अंधारातल्या कार्यक्रमांचे शेकडो फोटो रोज साफ करत असाल तर खुशाल कार्डावर खर्च करा. महिन्यातून चार फोटो करणाऱ्याने त्यासाठी मॉनिटरचे पैसे कापू नयेत.

जुनी मशीन अपग्रेड करायची असेल तर आधी विंडोजमधला टास्क मॅनेजर (कुठला भाग किती वापरात आहे ते दाखवणारा) उघडा, रोजचं काम करा आणि अडकतं तेव्हा काय १०० टक्क्यांवर जातंय ते बघा. मेमरी, डिस्क, प्रोसेसर की कार्ड? मला मेसेज करताना त्याचा स्क्रीनशॉट पाठवा, सोबत मॉनिटरचं मॉडेलही लिहा. मग कार्डाचं बोलू.