सप्टेंबरातली करंजी

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला समुद्रात घुसलेल्या कॉर्नवॉलला कोणत्या ऋतूत जावे, यावर आमच्या घरात चार महिने खल झाला. वसंतात तिथल्या बागांमध्ये कॅमेलिया आणि मॅग्नोलिया फुलतात, पण समुद्रात पाय घालवत नाही. ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असल्यामुळे अर्धे इंग्लंड ए-३० रस्त्यावर खोळंबलेले असते. हिवाळ्यात लाटा भव्य, पण बरीच उपाहारगृहे बंद. अखेर बायकोने रंगीत तक्ता करून सप्टेंबरचा दुसरा आठवडा मुक्रर केला. पाणी उन्हाळाभर तापलेले, शाळा उघडलेल्या, गर्दी ओसरलेली. तक्त्यात खोट काढायला जागा नव्हती.

तिथल्या सेंट आइव्ह्‌ज गावाच्या बंदरावर मी पेस्टी घेऊन उभा राहिलो. पेस्टी म्हणजे आपल्या करंजीची थोरली जाऊ, मुरडसुद्धा तशीच. माझ्या पेस्टीत चीज आणि कांदा होता. होता असेच म्हणायला हवे, कारण पहिला घास घेतो न घेतो तोच मागून एक सीगल आला आणि मुरडीचा एक तुकडा माझ्या बोटांत ठेवून उरलेला ऐवज घेऊन गेला.

शेजारच्या बाकावर एक आजोबा कुत्र्यासह बसले होते. "सप्टेंबर ना, माय लव्हर," ते हळहळत म्हणाले. (तिकडे अनोळखी माणसालाही असे म्हणतात हे मला नंतर कळले, त्या क्षणी मी बायकोकडे पाहिले.) "ऑगस्टमध्ये इथे हजार एमेट असतात, म्हणजे हजार पेस्ट्या. आता पक्षी तेवढेच, आणि पेस्टी तुमची एकट्याची." एमेट म्हणजे मुंगी, पाहुण्यांना तिथे प्रेमाने तसे म्हणतात. प्रेमाने हा शब्द माझा.

"म्हणजे ऑगस्टमध्ये यायला हवे होते?" मी विचारले.

ऑगस्टचे नाव काढताच आजोबांची जखम उघडी पडली. ११ ऑगस्ट १९९९ रोजी, सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी, कॉर्नवॉलमध्ये खग्रास सूर्यग्रहण होते. हे गृहस्थ काळा चष्मा लावून पहाटेपासून टेकडीवर बसले, आणि ऐन वेळी ढग आले. जवळजवळ दोन मिनिटे अंधार पडला, पण ढगांच्या वर काय चालले होते ते त्यांना दिसले नाही. चष्मा त्यांनी अजून जपून ठेवला आहे. मग मे महिना? तेव्हा पक्षी घरट्यांपायी चिडलेले असतात. जून? तेव्हा पिल्ले असतात. मार्च? "मार्च छान असतो," ते म्हणाले, "पण तेव्हा तुम्ही आला नाहीत."

एवढ्यात मिझल सुरू झाला. मी कोकणातला; मुसळधार पावसाचा मला आदर आहे, पण धुके आणि भुरभुर यांचे हे संकरित अपत्य पडतही नाही आणि थांबतही नाही, नुसते चष्म्यावर येऊन बसते. दुसरी पेस्टी, पुन्हा पूर्ण पैसे मोजून, मी भिंतीला पाठ लावून चोरासारखी खाल्ली. त्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या बरोबर वर, "सीगलना खाऊ घालू नका" अशी पाटी होती. येणारेजाणारे आधी पाटी वाचत आणि मग माझ्या कोटावरच्या चुऱ्याकडे बघत. मी काही खाऊ घातले नव्हते.